१६ के चा स्पेक्ट्रम ४८ के करताना

१० ऑगस्ट

मशीन उघडलं. सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम, १९८२ चा घरगुती कॉम्प्युटर, रबरी बटणांचा, १६ के (किलोबाइट) मेमरीचा. तळाचे पाच स्क्रू काढले की झाकण सुटतं, पण ते एकदम उचलायचं नाही. कीबोर्डच्या पडद्याच्या दोन पट्ट्या बोर्डावरच्या सॉकेटांत खोचलेल्या असतात, एक पाच तारांची आणि एक आठ तारांची. इतक्या वर्षांत या पट्ट्या वाळून कडक होतात आणि नेमक्या सॉकेटच्या तोंडाशी तडकतात. जपून काढल्या. पाचाची शाबूत निघाली. आठाच्या टोकाला बारीक चीर दिसतेय, अजून आरपार गेलेली नाही.

बोर्ड इश्यू २, म्हणजे दुसरी आवृत्ती. झेड८० या प्रोसेसरच्या पायांवर एक ट्रान्झिस्टर लोंबकळतोय. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटेल की कुणीतरी मध्येच हात मारलाय, पण ही डागडुजी कारखान्यातलीच आहे. यूएलए या पडदा आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपमधली चूक लपवायला या बोर्डांवर ती केलेली असते. काढायची नाही.

ज्यासाठी उघडलं ते बघितलं: बारा रिकामी सॉकेटं. आठ मेमरीसाठी (आयसी१५ ते आयसी२२) आणि चार तिच्या दिमतीला असलेल्या लॉजिक चिपसाठी (आयसी२३ ते आयसी२६). सॉकेटं आधीच बसवलेली असल्यानं सोल्डरिंगचं काम जवळपास नाहीच. एक लिंक (वायरचा छोटा तुकडा) तेवढी लावावी लागेल. इश्यू १ असता तर वाढीव मेमरीसाठी वेगळा छोटा बोर्ड लागला असता.

११ ऑगस्ट

काहीही घालण्याआधी आहे ते धड आहे का, हे बघायचं. हा नियम मी एकदा मोडला होता आणि नंतर आठवडाभर भलत्याच चिपमध्ये दोष शोधत बसलो होतो.

अडॅप्टर ९ व्होल्टचा, मधली पिन ऋण. आजकालचे बहुतेक अडॅप्टर याच्या उलट असतात, म्हणून दर वेळी मीटर लावल्याशिवाय प्लग खोचत नाही. टीव्हीचा भाग आधीच उरकलाय, मॉड्युलेटरला (अँटेनाच्या सॉकेटसाठी सिग्नल बनवणाऱ्या डबीला) वळसा घालून कॉम्पोझिट सिग्नल थेट बाहेर काढलाय.

खालच्या १६ के मेमरीत ४११६ जातीच्या आठ चिप आहेत. त्यांना तीन वेगवेगळी व्होल्टेज लागतात. पाय १ वर उणे ५, पाय ८ वर १२, पाय ९ वर ५. तिन्ही बरोबर आली. या तिघांत उणे ५ सगळ्यात नाजूक. ते गेलं आणि १२ चालू राहिलं, तर ४११६ चिप हकनाक मरतात. १२ आणि उणे ५ तयार करणारं सर्किट दोन ट्रान्झिस्टर आणि एका कॉइलवर चालतं, आणि मशीन चालू असताना मागच्या जोडणीच्या पट्टीला काही खोचलं की आधी तेच बळी जातं. सुदैवानं इथं तसं काही झालेलं नाही.

मग रिकाम्या सॉकेटांत मोजलं. पाय ८ वर ५ व्होल्ट, पाय १६ वर शून्य, आठही ठिकाणी. वरच्या मेमरीला एवढ्या ५ व्होल्टवर भागतं. पण पायांचा हा फरक लक्षात ठेवायलाच हवा. ४११६ चा पाय ८ म्हणजे १२ व्होल्ट आणि ४१६४ चा पाय ८ म्हणजे ५ व्होल्ट. वरची चिप चुकून खालच्या रांगेत घातली तर संपलीच.

पट्ट्या परत लावल्या, चालू केलं, © १९८२ ची ओळ आली. २३७३२ आणि २३७३३ या दोन पत्त्यांवर मशीन स्वतःला सापडलेल्या मेमरीचं शेवटचं टोक लिहून ठेवतं. दोन्ही पीक करून (म्हणजे तिथला आकडा वाचून) हिशोब जुळवला: ३२७६७. १६ के साठी अगदी बरोबर, कारण पत्त्यांतले पहिले १६ के रॉमचे, म्हणजे मशीनच्या कायमच्या प्रोग्रामचे असतात.

या १६ के मधले ६९१२ बाइट पडद्यावरचं चित्रच खातं. सिस्टिमची जागा वजा केली की बेसिक भाषेतल्या प्रोग्रामच्या वाट्याला जेमतेम ९ के उरतात. १९८२ च्या एप्रिलमध्ये मशीन बाजारात आलं तेव्हा १६ के ला १२५ पौंड आणि ४८ के ला १७५ पौंड पडत. त्या ५० पौंडांपायी कितीजण या ९ के मध्ये अडकून पडले असतील.

१३ ऑगस्ट

आज फक्त वाचन आणि यादी.

मूळ ४८ के मशीनमध्ये वरच्या ३२ के साठी ४५३२ जातीच्या चिप असत. कागदोपत्री ३२ के बिटची चिप, पण प्रत्यक्षात ती ६४ के बिटचीच. तिचा अर्धा भाग तपासणीत नापास झालेला आणि उरलेला अर्धा ठणठणीत. असा माल स्वस्तात मिळे, आणि सिंक्लेअरनं त्यावरच आपलं मशीन उभं केलं. कुठला अर्धा चांगला हे चिपच्या नावाच्या शेपटीवरून कळे, आठही चिपचा चांगला अर्धा एकाच बाजूचा असावा लागे, आणि बोर्डावरची लिंक त्यानुसार लावत. मला ही काटकसर फार आवडते. नाक मुरडणारे नाक मुरडोत.

आता ४५३२ शोधत बसण्यात अर्थ नाही. पूर्ण ६४ के ची ४१६४ घ्यायची. तिचा अर्धा भाग तसाच पडून राहील, राहू दे.

एका गोष्टीवर अडलो ती रिफ्रेश. या जातीच्या मेमरीत प्रत्येक बिट म्हणजे गळका रांजण, सतत भरत राहिलं नाही तर रिकामा होतो. भरायचं काम झेड८० करतो. प्रत्येक सूचना उचलल्यावर तो पत्त्याच्या खालच्या तारांवर एक मोजणी ठेवतो आणि तेवढ्यात ती ओळ ताजी होते. पण ही मोजणी ७ बिटांची, म्हणजे १२८ ओळींपुरतीच. ४१६४ दोन तऱ्हांच्या मिळतात: १२८ ओळी २ मिलिसेकंदांत मागणाऱ्या आणि २५६ ओळी ४ मिलिसेकंदांत मागणाऱ्या. दुसऱ्या तऱ्हेची इथं चालेल का?

कागदावर चित्र काढल्यावर उलगडलं. चिपला पत्ता आठ तारांवरून दोन हप्त्यांत मिळतो, आधी ओळीचा, मग रकान्याचा. लिंक अशी लावता येते की ओळीचा पत्ता जात असताना आठवी तार कायम एकाच पातळीला बांधलेली राहील. मग चिपच्या २५६ पैकी १२८ ओळींनाच आपण कधी हात लावतो आणि त्या सगळ्या झेड८० च्या मोजणीत येतात. बाकीच्या १२८ गळून गेल्या तरी कुणाला पर्वा? म्हणजे कुठलीही तऱ्हा चालेल.

मागवलं: ४१६४ आठ, ७४एलएस१५७ दोन, ७४एलएस३२ एक, ७४एलएस०० एक. मेमरी जुन्या बोर्डांतून काढलेली मिळतेय, “तपासलेली” असं लिहिलंय.

२४ ऑगस्ट

माल आला. चिपच्या पायांना जुन्या सोल्डरचे थर आहेत, त्यामुळे पाय जाड झालेत. ब्रेड लावून थर उतरवला आणि स्पिरिटनं पुसून घेतलं. सॉकेटंही स्पिरिट आणि बारीक ब्रशनं साफ केली, धूळ भरपूर निघाली.

लिंक सोल्डर केली. आठवी तार शून्य व्होल्टला. शून्यच का? काही कारण नाही. पूर्ण ४१६४ ला दोन्ही बाजू सारख्याच, म्हणून जी वायर हाताला सोपी पडली ती.

बाराही चिप बसवल्या, खाचा एका दिशेला आहेत हे दोनदा बघितलं. चालू उद्या करणार. रात्री उशिरा चालू केलेली मशीनं मला कधी लाभली नाहीत.

२५ ऑगस्ट

चालू केलं. © ची ओळ आली, हायसं वाटलं. पीक केलं.

४९१५१.

३२७६७ नाही, ४८ के चं टोक ६५५३५ ही नाही. हा आकडा बघून आधी वैताग आला आणि मग मजा वाटली, कारण इतका नेमका आकडा कुणी उगाच देत नाही. ४९१५१ म्हणजे वरच्या ३२ के पैकी बरोबर अर्ध्यावर मशीन थांबलंय.

चालू होताना रॉम काय करतो ते आठवलं. आधी वरच्या टोकापासून खाली येत प्रत्येक पत्त्यावर २ लिहितो. मग तळापासून वर जात प्रत्येक पत्त्यातून दोनदा १ वजा करतो. पहिल्या वजाबाकीनंतर शून्य यायला नको, दुसऱ्या वजाबाकीनंतर यायलाच हवं. जिथं हे जमत नाही तिथं मेमरी संपली असं धरतो.

आता समजा ए१४ ही पत्त्याची तार मेमरीपर्यंत पोचतच नाहीये. मग ३२७६८ आणि ४९१५२ ही एकाच घराची दोन दारं होतात. रॉम पहिल्या दारानं शिरून २ चा शून्य करून जातो. पुढं ४९१५२ ला पोचतो, तर आत आधीच शून्य! त्यातून वजा केलं की २५५, मग २५४. दुसऱ्या वजाबाकीनंतर शून्य आलं नाही, म्हणून मेमरी ४९१५१ ला संपली. तंतोतंत जुळलं.

पत्त्याच्या तारा दोन ७४एलएस१५७ मधून जातात, त्याच आधी ओळीचा आणि मग रकान्याचा पत्ता मेमरीपुढं ठेवतात. त्यांचा एखादा पाय अधांतरी असेल तर या जातीची चिप त्याला उच्च पातळी समजते, मग ए१४ सतत १. उद्या भिंग घेऊन बसायचं.

२६ ऑगस्ट

भिंगाचीही गरज पडली नाही. एका १५७ चा एक पाय सॉकेटच्या भोकात न जाता चिपच्या पोटाखाली दुमडला होता. नव्या चिपचे पाय थोडे फाकलेले असतात, ते टेबलावर दाबून सरळ करायचे असतात हे मला गेली कित्येक वर्षं माहीत आहे.

पाय सरळ केला, बसवली. ६५५३५.

शहानिशा म्हणून पाच हजार आकड्यांची अ‍ॅरे मागितली. एका आकड्याला ५ बाइट, म्हणजे २५ के. हीच मागणी १६ के वर केली होती तेव्हा “आउट ऑफ मेमरी” ऐकवलं होतं. आता चकार शब्द न काढता जागा दिली. झाकण न लावता मशीन बाजूला ठेवलं आणि काम झालं असं समजून झोपलो.

३१ ऑगस्ट

काम झालेलं नाही.

४८ के लिहिलेली कॅसेट लावली. पूर्ण लोड झाली, टेपची काहीच तक्रार नाही, पहिलं चित्र सुरेख. खेळ सुरू झाला आणि अर्ध्या मिनिटात पडदा रंगीबेरंगी पट्ट्यांनी भरून मशीन नव्यानं सुरू. पुन्हा लोड केलं, पुन्हा तेच. दुसरी कॅसेट चालते, पण तिच्यातल्या चित्रांत मधूनच एखादा ठिपका गायब.

आधी टेपवर संशय घेतला. मग लक्षात आलं की लोड करताना रॉम तपासतो तो येणाऱ्या बाइटांचा ताळा. मेमरीत जाऊन ते टिकलं की नाही हे तो मागं वळून बघत नाही. म्हणजे टेप निर्दोष ठरली तरी त्यातून मेमरी निर्दोष ठरत नाही.

मग अपघातानं एक धागा हाती लागला. काहीतरी टाइप करताना चुकून ग्राफिक्स मोडमध्ये गेलो. तिथं ए पासून यू पर्यंतची बटणं आपण घडवायच्या चिन्हांची असतात, आणि घडवेपर्यंत त्याच अक्षरांच्या प्रती दाखवतात. या प्रती रॉम सुरुवातीलाच मेमरीच्या अगदी शेवटी, ६५३६८ पासून, ठेवून देतो. जी दाबलं. त्या जी ला वरच्या रेघेचं डावं टोक नव्हतं. नेहमीचा जी शेजारी छापून बघितला, तो पूर्ण.

हिशोब: जी सातवं अक्षर, त्याची जागा ६५४१६ पासून. वरची रेघ दुसऱ्या बाइटात, म्हणजे ६५४१७. तिथं ६० असायला हवं, पीक केलं तर २८. फरक ३२ चा. बिट ५ हरवलाय.

१ सप्टेंबर

क्लिअर ३२७६७ करून बेसिकला आणि स्टॅकला खाली हाकललं, म्हणजे वरचे ३२ के मोकळे. मग साधा लूप: प्रत्येक पत्त्यावर २५५ पोक करायचं (लिहायचं), सगळं लिहून झालं की पुन्हा पहिल्यापासून पीक करत जायचं, चुकेल तो पत्ता छापायचा. बेसिकमध्ये हे इतकं सावकाश चालतं की मध्ये उठून दुसरी कामं करून आलो. एका अर्थी ते बरंच झालं. लिहिणं आणि वाचणं यात कित्येक मिनिटं गेली तरी बाकीची मेमरी टिकून राहिली, म्हणजे रिफ्रेशची शंका मिटली.

पडद्यावर आलं:

३२७७७, २२३
३२९०५, २२३
३३०३३, २२३

आणि असंच पुढं. दोन पत्त्यांत बरोबर १२८ चं अंतर, शेवटचा ६५४१७, तोच जी. एकूण २५६ पत्ते. १७० लिहिलं तर १३८ परत येतं. ८५ किंवा शून्य लिहिलं तर एकही चूक नाही. म्हणजे या २५६ जागी बिट ५ कायमचा शून्य.

रॉमला हे का दिसलं नाही? तो फक्त २, १ आणि ० एवढेच आकडे वापरतो. बिट २ ते ७ मध्ये शून्यच चिकटून बसला असेल, तर तो त्याला कधीच कळणार नाही. शून्याऐवजी १ चिकटला असता तर लगेच कळलं असतं. माझी पाच हजारांची अ‍ॅरेही तशीच पास झाली, कारण नव्या अ‍ॅरेत सगळी शून्यंच असतात. त्या रात्री बराच खूश होऊन झोपलो होतो.

१२८ च्या अंतराचा अर्थही लागला. ओळीचा पत्ता म्हणजे पत्त्याचे खालचे सात बिट, आणि या सगळ्या पत्त्यांत ते सात बिट ९ येतात. एका ओळीत २५६ रकाने. म्हणजे बिट ५ च्या चिपमधली, आयसी२० मधली, एक अख्खी ओळ मेलेली आहे. “तपासलेली” चिप बहुधा रॉमसारखीच तपासली असावी.

खात्री म्हणून आयसी२० आणि आयसी१९ यांची अदलाबदल केली. आता २५५ चे २३९ होतात, म्हणजे दोष बिट ४ वर गेला. चिपच दोषी, बोर्ड नाही.

२ सप्टेंबर

मी मोजून आठच चिप मागवल्या होत्या. नववी नाही. पुढच्या वेळी दहा.

नवीन चिप येईपर्यंत थांबायचं म्हणून मशीन बाजूला ठेवलं, आणि जिन्यात असताना डोक्यात आलं: या चिपचा दुसरा अर्धा तर आपण वापरतच नाही. आठवी तार शून्याला बांधलीय म्हणून खालच्या १२८ ओळी वापरात आहेत. तीच तार ५ व्होल्टला बांधली तर आठही चिपच्या वरच्या १२८ ओळी वापरात येतील आणि मेलेली ओळ न वापरलेल्या अर्ध्यात जाऊन पडेल. रकाना मेला असता तर ही युक्ती चालली नसती, रकाना दोन्ही अर्ध्यांतून जातो. ओळ मात्र एकाच अर्ध्यात असते.

लिंक काढली, पलीकडं सोल्डर केली. पाच मिनिटं लागली असतील. चालू केलं, ६५५३५. आता त्यावर विश्वास नाही. लूप लावला: २५५, मग १७०, मग ८५, मग शून्य. एकही ओळ छापली गेली नाही. ग्राफिक्सचा जी पूर्ण.

म्हणजे पूर्ण ६४ के ची चिप आणली आणि शेवटी ती ४५३२ करूनच वापरली, जे कारखान्यात १९८२ मध्ये करत होते तेच. १३ तारखेला “अर्धा भाग पडून राहील” असं थोड्या तोऱ्यात लिहिलं होतं, ते तसंच ठेवतो.

चिप बदलावी का? एक ओळ मेलेली चिप पुढं आणखी बिघडेल अशी धास्ती वाटते, पण तिच्याइतक्याच वयाच्या बाकी सात चिपबद्दलही तीच धास्ती धरावी लागेल. राहू दे. दोन सुट्या मागवल्या, त्या पिशवीत पडून राहतील.

७ सप्टेंबर

तपासणीचा लूप मशीन कोडमध्ये लिहून रात्रभर चालवला. चूक शून्य. रेग्युलेटरची उष्णता सोडणारी पट्टी गरम आहे, पण बोट ठेवता येतं.

परवाची ती कॅसेट लावली. अर्धं मिनिट गेलं, पाच मिनिटं गेली, नंतर घड्याळ बघायचं राहून गेलं.

एक गंमत करून बघितली. खालच्या १६ के मध्ये पडद्याचं चित्र असतं आणि ते यूएलए सतत वाचत असते. झेड८० त्याच वेळी तिथं गेला तर यूएलए त्याचं घड्याळ रोखून धरते. वरच्या ३२ के मध्ये ही अडवणूक नाही. म्हणून ६५,५३६ वेळा फिरणारा, दर फेरीला घड्याळाचे २६ ठोके घेणारा एक छोटा लूप दोन्हीकडं चालवला. एका फ्रेमचे (पडद्यावरच्या एका चित्राचे) ६९,८८८ ठोके, म्हणजे कागदावर साधारण साडेचोवीस फ्रेम. वर ठेवून चालवल्यावर फ्रेमची मोजणी २५ आली, कीबोर्ड वाचण्यात जाणारा वेळ धरून ठीकच. खाली ठेवल्यावर तोच लूप चांगलाच रेंगाळला. नुसती जागा वाढेल असं धरून बसलो होतो, वेगही पदरात पडला.

कीबोर्डची आठ तारांची पट्टी आज झाकण लावताना अखेर तुटली. टोकाचे दोन-तीन मिलिमीटर कापून पुन्हा खोचली, सगळी बटणं चालतात. एवढीच एक कापणी शिल्लक होती, पुढच्या वेळी कीबोर्डचा पडदाच नवा घ्यावा लागेल.

झाकणाच्या आतून कागदाची पट्टी चिकटवली: “लिंक +५ वर. शून्याला नेऊ नये. आयसी१९, खालचा अर्धा, ओळ ९ मेलेली.” पाच स्क्रू लावले.